गेल्या वर्षी या गावात कोण कोण गेलं?

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी काही जण लवकरच एखाद्या ग्रामीण जिल्ह्यात रुजू होतील आणि महिना उलटायच्या आत 'जिल्ह्याची आरोग्यस्थिती सादर करा' असं पत्र तुमच्या टेबलावर येईल. तेव्हा काय कराल? दवाखाने किती, खाटा किती, रिक्त पदं किती, लसीकरण किती टक्के, हे तक्ते कार्यालयात तयारच असतात. ते जुळवले की अहवाल होतो. त्यातून आरोग्य विभाग कसा चाललाय ते कळतं. लोक कसे आहेत ते कळायचं असेल, तर सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करावी लागते. गेल्या वर्षी या गावात कोण कोण गेलं, आणि कशानं गेलं?

उदाहरण गडचिरोलीचं घेतो, कारण आपल्याकडे हा प्रश्न इतक्या चिकाटीनं फार थोड्या जिल्ह्यांत विचारला गेलाय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा काढलेला हा जिल्हा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार. चौरस किलोमीटरला ७४ माणसं. राज्याची सरासरी तेव्हा ३६५ होती. बहुतेक भूभाग जंगलाचा, शंभरातले ३९ लोक आदिवासी. पण 'गडचिरोली' म्हणून एकच चित्र डोळ्यांपुढे आणू नका. उत्तरेला देसाईगंज, आरमोरीकडे धानाची शेती आहे, बाजार आहे, एसटी आहे. दक्षिणेला भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटतात, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच रस्ता बंद होतो. या दोन टोकांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, त्या आकड्यात राहणारं माणूस जिल्ह्यात कुठेच सापडणार नाही.

आता मृत्यूंकडे येतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. म्हातारा माणूस गेला तर सातबारा, पेन्शन, वारस अशी काही ना काही कामं अडतात, म्हणून नोंद होते. दोन दिवसांचं बाळ गेलं तर कुणाचंच काही अडत नाही. त्याचं बारसं झालेलं नसतं, रेशनकार्डात नाव नसतं. घरचे गुपचूप पुरून येतात. झालीच नोंद, तर पुष्कळदा 'मृतजन्म' अशी होते. यात नेहमी लबाडीच असते असं नाही. पण मृतजन्म लिहिला की ते बाळ जन्मलंच नाही असं धरलं जातं, आणि अर्भकमृत्यूच्या दरातून, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं गेली त्या आकड्यातून, ते आपोआप बाहेर पडतं.

यातली दुसरी गळती आपल्या चालीरीतींतून होते. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ माहेरी गेलं तर तिथली आशा ताई म्हणते, ही आमच्या गावची नाही. सासरची आशा म्हणते, बाळंतपण आमच्याकडे झालंच नाही. तिसरी गळती मजुरीची. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, लहान लेकरांसकट. तिकडे काय झालं ते ना तिकडच्या वहीत येतं, ना इकडच्या.

मग विचारायचं कसं? हे जरा सविस्तर सांगतो, कारण अख्खी पाहणी इथेच जमते किंवा फसते. घरात शिरल्या शिरल्या मृत्यू विचारायचा नाही. आधी घरातली माणसं लिहून घ्यायची. मग त्या बाईची सगळी बाळंतपणं पहिल्यापासून क्रमानं विचारायची: मुलगा की मुलगी, कुठे झालं, आता कुठे आहे. दोन मुलांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं की पेन थांबवायचं आणि हळूच विचारायचं, "बाई, या दोघांच्या मधे काही झालं होतं का?" पुष्कळदा तिथेच सगळं निघतं. सासू मधे बोलत असेल तर तिला बोलू द्यावं, पण मग सोबतच्या कार्यकर्तीनं तिला अंगणात नेऊन तिची माणसं, तिची जनावरं, तिचं दुखणं लिहून घ्यावं आणि सुनेला मोकळं करावं. बाळ 'मेलेलंच झालं' असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न सोडायचे नाहीत. रडलं होतं का? एकदा तरी? हातपाय हलवले का? श्वास घेतला का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर ते बाळ जिवंत जन्मलं होतं आणि नंतर गेलं. मग त्या दोन-चार तासांची किंवा दिवसांची हकिगत घरच्यांच्याच शब्दांत लिहायची. अंगावर प्यायचं कधी थांबलं, गार कधी पडलं, छातीखाली खड्डा पडत होता का. डॉक्टर नंतर ती हकिगत वाचून कारण ठरवतो. शवविच्छेदन न होणाऱ्या मुलखात मृत्यूचं कारण कळायचा हाच मार्ग आहे. आणि हे विचारणारं माणूस त्याच भागातलं, त्याच बोलीचं हवं. माडिया आदिवासी बाईला मराठीत विचारलं तर ती मान हलवेल आणि तुमचा फॉर्म भरला जाईल, एवढंच.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली, तेव्हा ते जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आले होते. त्यांना मोठं रुग्णालय काढता आलं असतं. त्यांनी गावं मोजायला घेतली. प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू. मोजता मोजता दिसलं की लहान मुलांच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा फार मोठा आहे. तो ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, मिनिटाचे श्वास मोजता आले पाहिजेत. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी मण्यांची एक पाटी केली. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची मण्यांची ओळ वेगळी, मोठ्या मुलाची वेगळी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. मोजमाप आणि उपचार एकाच पाटीवर, तेही निरक्षर बाईच्या हातात. भारतातल्या सार्वजनिक आरोग्यात मला यापेक्षा सुंदर वस्तू माहीत नाही.

त्याआधी स्त्रियांचा अभ्यास झाला होता. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी. तोपर्यंत जगभर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला आणि त्यात निघालं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आहेत, एकेकीला सरासरी तीनहून अधिक. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या? फक्त ८ टक्के. हा एवढा आजार कुठल्याही सरकारी तक्त्यात नव्हता. का? तो घेऊन दवाखान्यात कुणी आलंच नव्हतं. दवाखान्याच्या रजिस्टरवरून जिल्ह्याचा आजार ठरवायचा नाही तो यासाठी. जी बाई सांगायलाच लाजते, जिला दवाखाना २० किलोमीटरवर आहे, जिची मजुरी बुडते, ती त्या रजिस्टरात नसते.

नवजात बाळांचं असंच. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांना घरी जाऊन, पहिला महिनाभर, पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. बहुतेक सगळी घरीच जन्मलेली. ४२ टक्के कमी वजनाची. निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज पडेल असा काही ना काही त्रास झाला, आणि प्रत्यक्षात उपचार मिळाले शंभरातल्या जेमतेम दोन-तीन बाळांना. या आकड्यांनीच पुढचा रस्ता दाखवला. बाळ दवाखान्यात येत नाही, तर उपचार घरी न्यायचे. गावातल्याच बायकांना, आरोग्यदूतांना, शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं घ्यायचं, जन्मताच श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा कसं द्यायचं. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचा दर तुलनेच्या गावांच्या मानानं सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून आशा ताईंच्या कामात बाळंतिणीच्या घरी भेटी देणं देशभर आलं. आज तुमच्या गावची आशा बाळाचं वजन करायला घरी येते, त्याची मुळं त्या मोजणीत आहेत.

मृत्यूंनंतर राहणीमान. त्याची तयार प्रश्नावली असते: घर पक्कं की कच्चं, संडास आहे का, पाणी कुठून आणता, चूल की गॅस. विचारा जरूर. पण गडचिरोलीच्या दक्षिणेत बाई महिन्यातले चार-पाच दिवस त्या घरात नसतेच, मासिक पाळी म्हणून ती कुर्माघरात असते. गावाच्या कडेची ती खोपी, बहुधा दार धड नाही, पावसात ओल, साप-विंचवाचं भय. तुमच्या फॉर्मवर 'पक्कं घर' ही खूण झालेली असेल, आणि त्या घरातली बाई ओल्या जमिनीवर झोपलेली असेल. म्हणून 'घर कसं आहे' एवढं विचारून भागत नाही, 'काल रात्री कोण कुठे झोपलं' हे विचारावं लागतं.

हिवतापाला तर हाच प्रश्न लागू पडतो. मच्छरदाण्या किती वाटल्या याचा आकडा ताबडतोब मिळतो. पण धान पिकायला आलं की रानडुकरांपासून राखण करायला घरचा पुरुष रात्रभर शेतातल्या मचाणावर असतो. मच्छरदाणी घरात, माणूस रानात. आणि हिवतापाचा जो दर आपण वाचतो, हजार लोकांमागे इतके रुग्ण, त्याच्या शेजारी आणखी एक आकडा नेहमी मागून घ्या: रक्त किती जणांचं तपासलं? वर्षाला निदान शंभरातल्या दहांचं तपासायला हवं. ज्या उपकेंद्राला वर्षभर कर्मचारीच नाही तिथे रक्तनमुने घेतले जात नाहीत, आणि कागदावर तिथला हिवताप आटोक्यात दिसतो. कमी आकडा दिसला की आधी शंका घ्यावी, मग आनंद मानावा.

थोडं गणितही सांगून टाकतो. तीनशे वस्तीच्या टोल्यात, म्हणजे छोट्या पाड्यात, वर्षाला पाच-सहा बाळं जन्मतात. त्यातलं एक गेलं तर दर हजारी दोनशेच्या आसपास जातो, पुढच्या वर्षी एकही गेलं नाही तर शून्य. दोन्ही आकड्यांवरून त्या गावाबद्दल काहीही बोलू नये. गावं एकत्र करा, तीन-चार वर्षांची बेरीज घ्या, मग तालुक्याबद्दल बोला. मात्र त्या एका बाळाची हकिगत वाया घालवू नका. दर काढायला ते एक बाळ पुरत नाही, पण रस्ता, गाडी, रक्त, फोन यांतलं नेमकं काय कुठे अडलं ते कळायला पुरतं.

आणि लोकांना विचारताना फक्त आजार विचारू नका. दवाखाना कसा हवा, असं सर्चनं आदिवासींना विचारलं तेव्हा समजलं की तिथल्या लोकांना इस्पितळाची भीती वाटते. पांढरे कपडे प्रेताचे, आणि डॉक्टर-नर्स तर तेच घालून फिरतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. देवाला जागा नाही. म्हणून चातगावजवळच्या शोधग्राममधला दवाखाना एखाद्या आदिवासी पाड्यासारखा बांधला आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. ही माहिती कुठल्या प्रश्नावलीत बसली असती, सांगा.

मोजलेलं कुणाला द्यायचं? जिल्हा परिषदेला द्याच, पण आधी गावाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे लोक अभ्यासगट बसवून जंगलाचे नियम स्वतः समजून घेतात, तर आपल्या गावातली मुलं कशानं जातात हे त्यांना समजणार नाही असं मानायचं कारण काय? ग्रामसभेत आकडे वाचून दाखवा. चुकलेले आकडे लोकच दुरुस्त करून देतात, राहून गेलेलं नाव तिथेच कुणीतरी उठून सांगतं. दारूचा प्रश्न गडचिरोलीत असाच वर आला. तो डॉक्टरांच्या यादीत नव्हता, बायकांच्या यादीत होता. लोक उठले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती नीट पाळली जावी यासाठीचा झगडा आजही चालू आहे.

शेवटी एक गोष्ट, कारण तुमच्यापैकी जे जातील त्यांना हेच काम पडणार आहे. त्याच जिल्ह्यात ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू पुन्हा याच पद्धतीनं, घरोघर विचारून तपासले गेले. सर्वांत जास्त माणसं कशानं गेली? पक्षाघातानं. सातातला एक मृत्यू. बहुतेक घरीच. 'लकवा मारला' म्हणून माणूस खाटेवर पडतं आणि तिथेच संपतं. हा शहरातला, सुखवस्तूंचा आजार समजून आपण बसलो होतो. आपली उपकेंद्रं गरोदर बाई आणि लहान मूल समोर धरून उभी केलेली आहेत, पन्नाशीच्या पुरुषानं तिथे जायचं कारणच नसतं. त्याचा रक्तदाब आयुष्यात एकदाही मोजलेला नसतो, आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, दिवसभर तोंडात. तेव्हा तुमच्या पहिल्या पाहणीत चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: रक्तदाब कधी मोजला, गोळी चालू आहे का, आणि गेल्या महिन्यात ती किती दिवस मिळाली नाही. तिसरा प्रश्न गाळू नका. गोळ्या संपल्या की पुढची खेप येईपर्यंत लोक थांबतात, आणि ते थांबणं सध्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.