पान सुरकुतलंय, पण पाणी थांबवा

(दृश्य: कोथरूडमधली गॅलरी. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या लुळ्या पानाचा क्लोज-अप.)

नर्सरीतून आणलं तेव्हा हे पान ताठ होतं. आता त्यावर उभ्या सुरकुत्या पडल्यात. कुणालाही दाखवा, सल्ला ठरलेला: "पाणी कमी पडतंय, अजून घाला." घरातली बरीचशी ऑर्किडं याच सल्ल्यानं जातात.

पाणी कमी पडलं की पान असं दिसतं. पाणी जास्त होऊन मुळं कुजली, तरी अगदी असंच दिसतं. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. कुंडी ओलीचिंब, झाड मात्र तहानलेलं.

(दृश्य: पारदर्शक कुंडी. आत वेटोळी घेतलेली मुळं. वरून पाणी पडतं.)

म्हणून आधी मुळं बघायची. पारदर्शक कुंडी घ्या म्हणतात ती याचसाठी. मुळाभोवती वेलामेन नावाचं, मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. आता बघा, पाणी लागलं आणि मूळ डोळ्यांदेखत हिरवं झालं. मुळं रुपेरी झाली की पाणी द्या, हिरवी असतील तर राहू द्या. आणि तपकिरी पडलेलं, चिमटीत धरल्यावर साल सुटून आत नुसता दोरा उरणारं मूळ गेलेलं असतं. ते स्वच्छ कात्रीनं कापून झाड लाकडाच्या सालीच्या नव्या तुकड्यांत आणि कोळशात लावायचं. जुनी पानं पूर्वीसारखी ताठ होतील असं नाही. नवं मूळ आणि नवं पान कसं येतंय, ते बघत राहा.

(दृश्य: ताम्हिणीच्या वाटेवरचं झाड. खोडावर सीतेची वेणी, लोंबणारे गुलाबी-पांढरे घोस.)

आपल्या सह्याद्रीतली ही सीतेची वेणीसुद्धा ऑर्किडच. ती मातीत नाही, खोडाला धरून वाढते. मुळं पावसात भिजतात, वाऱ्यावर सुकतात. (ती तिथंच छान दिसते, घरी आणायची नाही.) फॅलेनॉप्सिस आग्नेय आशियातल्या दमट जंगलातलं, पण सवय तीच.

पुण्याची हवा मात्र एकसारखी नसते. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते, जुलैत ८० च्या वर. तेव्हा "आठवड्यातून दोनदा" असला कागद फ्रिजवर चिकटवून उपयोग नाही. उन्हाळ्यात कुंडी दोन दिवसांत सुकेल, पावसाळ्यात आठवडाभर ओली राहील. पाणी सकाळी द्या आणि पानांच्या बेचक्यात साचलं तर कागदानं टिपून घ्या. तिथं रात्रभर पाणी राहिलं की कोंब कुजतो, आणि फॅलेनॉप्सिसला कोंब बहुधा एकच असतो.

(दृश्य: पानावरचे पांढरे डाग. बादली घेऊन आलेले शेजारचे आजोबा.)

"ताई, आमच्या आरओचं वाया जाणारं पाणी आणलंय, झाडांना घाला."

"नको हो काका. त्यात क्षार असतात. फरशी पुसायला वापरा."

पाणी फुकट घालवणं आपल्या जिवावर येतं, पण ताईंचं बरोबर आहे. आरओ गाळून टाकतो ते सगळे क्षार याच पाण्यात एकवटतात. बोअरचं पाणीही बहुतेक ठिकाणी जड असतं. सॉफ्टनर लावला, तर कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, ते आणखी वाईट. धरणाचं नळाचं पाणी त्या मानानं हलकं, आणि पावसाचं सगळ्यात उत्तम. पानांवरचे पांढरे डाग लिंबाचे चार थेंब टाकलेल्या पाण्यात फडकं भिजवून पुसा. दूध किंवा तेल चोपडून चकाकी आणू नका.

(दृश्य: छोटा वजनकाटा, खताची पूड, लिटरची बाटली.)

आता खत. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य खत मिळतं. लिटरला अर्धा ग्रॅम पुष्कळ झालं, पाव ग्रॅमही चालेल. ते आठवड्यातून एकदा, आणि आधी साध्या पाण्यानं भिजवलेल्या मुळांवरच. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून साठलेले क्षार धुऊन काढा. पानाचं टोक काळं पडलं आणि सालीवर पांढरा थर दिसला, तर खत बंद करून हेच आधी करायचं. उलट, पानं गडद हिरवीगार, मऊ, आणि फूल काही येत नाही? तिथं बहुधा उजेड कमी असतो, कधी नत्र जास्त. कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवा. सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडून गळलं, तर ते वयानं गेलं. त्यासाठी डोस वाढवू नका.

केळीच्या सालीचं पाणी? त्यानं चिलटं मात्र नक्की येतात.

(दृश्य: गॅलरीत पावसाची झड.)

जूनमध्ये पाऊस लागला की खत आणखी पातळ करा आणि कुंड्या झडीपासून आत घ्या. लाकडावर बांधलेली झाडं थोडी तिरकी टांगा, म्हणजे बेचक्यातलं पाणी आपसूक निथळून जातं.