लाईट पंधरा मिनिटांची, मुक्काम दीड महिन्याचा

श्रोतेहो, नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात संध्याकाळी चक्कर मारली, तर झाडाखाली, पायऱ्यांवर सतरंज्या अंथरलेल्या दिसतात. पेशंट आत वॉर्डात, बाहेर त्याची माणसं. कुणी बीडचं, कुणी हिंगोलीचं. त्या पेशंटला निदान पलंग तरी असतो. आज मला बोलायचंय ते ज्याला पलंगही मिळत नाही आणि घरीही जाता येत नाही, अशा पेशंटबद्दल.

कॅन्सरवर किरणोपचार देतात. पेशंट त्याला लाईट म्हणतात. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 साली सुरू झालं, त्यामुळं प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही, ही मोठीच गोष्ट. पण लाईट एका वेळी दहा-पंधरा मिनिटांची, आणि ती आठवड्यातून पाच दिवस, बहुतेकदा पाच-सहा आठवडे घ्यावी लागते. भरती करायची गरज नसते, म्हणून पलंग नाही. आता नांदेड जिल्ह्यातल्या पार टोकाच्या किनवटच्या माणसानं रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं, तर कसं जमावं?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, पण महिना-दीड महिन्याचं खोलीभाडं घरच्यांनाच भरावं लागतं. त्यात मृग लागतो. ‘पेरणी उरकून येतो’ म्हणून माणूस गावी जातो. लाईटमध्ये खंड पडला की रोगाला पुन्हा वाढायला सवड मिळते, आणि तोवर सोसलेलं वाया जाऊ शकतं. म्हणून माझं ठाम मत आहे, या पेशंटला खोली औषधाइतकीच लागते.

आणि खोली म्हणजे नुसतं छप्पर नव्हे, बरं का. स्तनाच्या कॅन्सरवर लाईट घेणाऱ्या बाईच्या छातीवर शाईच्या रेघा मारतात. त्या बघून मशीन लावतात, त्या पुसून चालत नाही. सार्वजनिक नळावर आडोशानं अंग धुणाऱ्या बाईनं त्या सांभाळायच्या कशा? तिला कडी लागणारी न्हाणी हवी. तोंडाच्या कॅन्सरवाल्याचं तोंड लाईटनं आतून सोलून निघतं, भाकरीचा घास उतरत नाही. त्याची बायको धर्मशाळेच्या सामायिक शेगडीवर मुगाचं पातळ वरण आणि गुरगुट्या भात शिजवते, घोटते, चमच्यानं भरवते. शेजारच्या खोलीतली बाई, जिच्या नवऱ्याचे चार आठवडे झालेत, तिला सांगते, ‘ताई, तिखट अजिबात नको, वरून तूप सोडा.’ खानावळीत हे मिळायचं नाही.

मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिकला लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. त्यांचं नाव घेणाऱ्या आपल्या मराठवाड्यात अशा जागा अजून फार कमी पडतात.

आपल्या जिल्ह्यात देवस्थानांची भक्तनिवासं आहेत, मंगल कार्यालयं आहेत. लग्नसराई नसताना त्यातल्या कितीतरी खोल्यांना कुलूप असतं. विश्वस्तांनो, दवाखान्याजवळच्या चार खोल्या द्या. शेतकरी बांधवांनो, रास झाली की तूरडाळीचं, ज्वारीचं एखादं पोतं अशा ठिकाणी पोचवा. कुकर द्या, चादरी द्या.

आणि ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटावं. धर्मशाळा, सदन अशा बहुतेक ठिकाणी खोली देताना दवाखान्याची चिठ्ठी मागतात. पेशंटची फाईल, पेशंट आणि सोबतचा माणूस अशा दोघांची आधार कार्डं आणि रेशन कार्ड सोबत असू द्या.