शंभराचे दोनशे अडतीस

श्रोतेहो, नमस्कार.

2025 च्या ऑक्टोबरात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, भारतात पुन्हा आली. किंमत 49 लाख 99 हजार. याच नावाची गाडी 2017 च्या ऑगस्टमध्ये 24 लाख 62 हजारांना मिळत होती आणि मधे, 2020 साली, 35 लाख 99 हजारांना. तिन्ही किमती एक्स-शोरूम. आठ वर्षांत किंमत दुपटीच्या वर गेली. ताकद मात्र 230 पीएसवरून 265 पीएस झाली (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), म्हणजे पंधरा टक्क्यांनी वाढली. ताकद पंधरा टक्के, किंमत शंभर टक्के. मग ही वाढ रास्त म्हणायची का?

265 हा आकडा लक्षात ठेवा. तो परत येणार आहे, आणि तोही आपल्या इंदुरात.

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर. जन्म 1908 चा, शिक्षण इंग्लंडात. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, हे इंदूरकराला नव्यानं सांगायला नको. पण त्यांची मोटारींची जाण माणिकबागेइतकीच वरच्या दर्जाची होती, हे फार कमी बोललं जातं. 1930 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीकडून एक एसजे, म्हणजे त्यांच्या मॉडेल जे गाडीची जास्त ताकदीची आवृत्ती, घेतली.

ड्युसेनबर्ग कंपनी मॉडेल जे विकायची ती नुसती चॅसी. म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर आणि डॅशबोर्ड. दारं नाहीत, सीट नाही, टप नाही. बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या पसंतीच्या कारागिराकडून वेगळे पैसे मोजून चढवून घ्यायची. यशवंतरावांनी चॅसी अटलांटिकपलीकडे लंडनला नेववली आणि गर्नी नटिंग या बॉडीबिल्डरकडून तिच्यावर दोन माणसांची उघडी स्पीडस्टर बॉडी बसवून घेतली. स्टीअरिंग उजवीकडे, रंग नारिंगी आणि काळा. इतकी लांब गाडी आणि बसायला दोघंच!

आता यंत्र बघा. मॉडेल जे पहिल्यांदा दाखवली 1928 च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात. सरळ रांगेत आठ सिलिंडर, 6.9 लिटर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह (झडपा), म्हणजे एकूण बत्तीस, आणि त्या उघडायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. त्या काळी रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे आणि चाळीस-पन्नास हॉर्सपॉवर म्हणजे ठीकठाक गाडी. ड्युसेनबर्गचा दावा होता 265 हॉर्सपॉवरचा. तोच आकडा! यशवंतरावांच्या एसजेला तर वर सुपरचार्जर, म्हणजे जास्तीची हवा इंजिनात कोंबणारा पंखा, आणि दावा 320 हॉर्सपॉवरचा. डॅशबोर्डवर उंची दाखवणारं यंत्रसुद्धा असायचं. आणि आठवण करून देणारे दिवे असायचे: दर 700 मैलांनी दिवा लागणार, तेल बदला, दर 1,400 मैलांनी दुसरा दिवा, बॅटरीतलं पाणी बघा. 700 मैल म्हणजे अकराशे किलोमीटर. इंदूरहून मुंबईला जाऊन परत आलात की तेल बदलायचं. आज आपण तेल बदलतो 15,000 किलोमीटरला.

किंमत? 1928 साली नुसत्या चॅसीला 8,500 डॉलर. तेव्हा नवी फोर्ड मॉडेल ए साधारण 500 डॉलरला मिळायची. बॉडी नसलेल्या एका ड्युसेनबर्गच्या पैशांत सतरा फोर्ड यायच्या. अमेरिकेतली महागाई तेव्हापासून साधारण 19 पट झाली. म्हणजे आजचे 1 लाख 60 हजार डॉलर, आपल्या रुपयांत 1 कोटी 40 लाखांच्या घरात. परत सांगतो: 265 हॉर्सपॉवर, दार नाही, सीट नाही, आयात शुल्क धरलेलं नाही, आणि 1 कोटी 40 लाख.

2025 मध्ये तेवढीच ताकद 50 लाखांत मिळाली. दारांसकट, एसीसकट, दहा एअरबॅगांसकट, आणि त्यात सरकारचा वाटाही आला. शंभर वर्षांच्या पट्टीवर मोजलं तर वेगवान गाडी स्वस्तच होत आली आहे, आणि तीही भरपूर.

ड्युसेनबर्ग 1937 मध्ये बंद पडली. जे मालिकेच्या पाचशेहूनही कमी गाड्या बनल्या होत्या. यशवंतरावांची गाडी पुढे अमेरिकेत परत गेली. माझं अगदी मनापासूनचं मत आहे की ती इंदुरात राहायला हवी होती. या शहराला मोटारींचं एक चांगलं संग्रहालय हवं, आणि शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक असताना तर हवंच हवं. असो.

माणिकबागेत आज केंद्रीय जीएसटीचं कार्यालय आहे, आणि आपल्याला आता नेमकं तिथंच, म्हणजे कराकडे, यायचं आहे. कारण शंभर वर्षांचा हिशोब झाला, आठ वर्षांचा राहिलाच.

2017 चे 24 लाख 62 हजार आजच्या पैशांत आणायचे. आयकर खात्याचा महागाई निर्देशांक घ्या, जो आपण घर विकताना वापरतो. 2017-18 ला तो 272 होता, 2025-26 ला 376. भागिले-गुणिले केलं की 34 लाख येतात. गाडी युरोपातली, म्हणून आता युरोकडून बघा. 2017 च्या ऑगस्टमध्ये युरो साधारण 75 रुपयांना होता, आता शंभरच्या वर गेला. त्या हिशोबानंही 34 लाखांच्या आसपासच येतात. इथं बरेच जण चुकतात: महागाईही धरतात आणि वर रुपयाची घसरणही धरतात. दोन्ही मिळवायचं नाही. रुपया घसरतो त्याचं एक मोठं कारण आपली महागाईच असते. एकच धरा. 34 लाख.

मग 34 चे 50 कसे झाले? 2017 ची गाडी सुट्या भागांत यायची आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जोडली जायची. 2025 ची गाडी आली सबंध, जहाजातून. सबंध गाडीचा कर नीट ऐका. बंदरावर उतरताना गाडी शंभर रुपयांची आहे असं धरू. 40,000 डॉलरपर्यंतच्या गाडीवर आयात शुल्क 70 टक्के. झाले 170. त्यावर जीएसटी 40 टक्के, आणि तो शंभरावर नाही, 170 वर. म्हणजे आणखी 68. झाले 238. शंभराचे दोनशे अडतीस, विक्रेत्याचा नफा धरायच्या आधी. गाडी 40,000 डॉलरच्या वरची असेल तर शुल्क एकूण 110 टक्के, आणि शंभराचे होतात 294.

सुट्या भागांवर शुल्क 15 टक्के धरलं तर? 115, वर जीएसटी 46, झाले 161. आता 34 लाखांना 161 नं भागा आणि 238 नं गुणा. 50 लाख येतात. हिशोब ढोबळ आहे, 2017 ला जीएसटी आणि सेस मिळून 43 टक्के होता, पण सगळी वाढ इथं सापडते. महागाई आणि सबंध आयात. यंत्र स्वतः महाग झालेलंच नाही. उलट 35 पीएस आणि जास्तीच्या एअरबॅगा फुकट पडल्या.

म्हणून माझं मत सरळ आहे: यंत्राची किंमत रास्त, पण गाडी सबंध आणण्याचा दंड रास्त नाही. अवघ्या शंभर गाड्या आणायच्या तर जोडणीची सोय कोणी उभी करणार नाही, हे खरं. पण त्या शंभर गाड्या लगेच नोंदल्या गेल्या, मागणी होती. जोडणीचा विचार कंपन्यांनी करायलाच हवा. आणि किंमत कशानंच रास्त ठरत नाही असंही घडलेलं आहे: फोक्सवॅगननं 2016 मध्ये तीन दारांची पोलो जीटीआय 25 लाख 99 हजारांना आणली आणि वर्षभराच्या आत 6 लाखांनी उतरवली. ज्यांनी आधी घेतली त्यांचं काय?

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. एसीची बटणं काढून सगळं स्क्रीनमध्ये घालणं मला अजिबात पटत नाही. ताशी 100 नं जाणाऱ्या गाडीत हात न बघता बटणावर पडला पाहिजे. यासाठी जास्त पैसे मागत असतील तर ते मुळीच देऊ नयेत.

अशी गाडी घ्यायचीच असेल तर विम्याकडे आधी बघा. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम, ठरलेल्या दरानं उतरते: एक वर्षाची गाडी होईपर्यंत 15 टक्के, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. मोजक्या संख्येनं आलेली गाडी बाजारात इतकी उतरत नाही, पण विम्यात उतरते. तिथं मार बसतो. म्हणून पहिली काही वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइस घ्या, म्हणजे गाडी चोरीला गेली तर बिलाची रक्कम देणारं जादा कवच. झिरो डेप, म्हणजे भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कवच, तेही घ्या, कारण साध्या पॉलिसीत बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत तुमच्या खिशातून जाते. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, 50 लाखांवर 50 हजार. तो खर्च नाही, आयकर रिटर्नमध्ये वळता करून घ्या.

टायरचं गणित करा. टायरवर 225/40 लिहिलेलं असतं, म्हणजे 225 मिलिमीटरच्या 40 टक्के, 90 मिलिमीटर, एवढीच रबराची भिंत रिम आणि खड्ड्याच्या मधे असते. हवा कमी असताना खड्डा लागला की आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. फुग्याचं पंक्चर काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो. दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना, हवा तपासा.

आणि काच. पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो, तोच गाडीला पट्टे आणि पुढचं वाहन दाखवतो. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर गाडी चुकीच्या वेळी ब्रेक मारू शकते. काच किती दिवसांत येईल आणि कॅलिब्रेशनची सोय इंदुरात आहे की गाडी मुंबईला न्यावी लागेल, हे बुकिंगचे पैसे देण्याआधी विचारा आणि लेखी घ्या. नमस्कार.