पंच गेला ऊसतोडीला! सरकारी वकील आणि तपास अधिकारी भांडतात कशावरून?

नमस्कार मंडळी. आधी हा कागद बघा.

(समन्सची प्रत कॅमेऱ्यासमोर धरत, नावावर अंगठा)

नाव झाकलंय, ते आपल्याला नकोच आहे. कोर्टाचं समन्स आहे हे, आणि मागच्या बाजूला शिपायाचा शेरा: "सदर इसम मिळून आला नाही. कुटुंबासह ऊसतोडीस गेल्याचे शेजाऱ्यांकडून समजले." बीड जिल्ह्यात केज, धारूर, वडवणी, पाटोदा, कुठल्याही कोर्टात जा, दिवाळी झाली की असे शेरे यायला लागतात.

आता हा इसम साधासुधा नाही. खुनाच्या गुन्ह्यातला पंच आहे तो. आरोपीनं नाल्यातून कोयता काढून दिला, तो याच्यासमोर. जप्ती पंचनाम्यावर सही याची. आणि हा गडी आता कारखान्याच्या फडात, गुढीपाडव्याआधी काही यायचा नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात त्या दिवशी मी चहा घेत उभा होतो. सरकारी वकील मॅडम आणि तपास अधिकारी, म्हणजे एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) साहेब, यांची जी जुंपली ती ऐकली.

"साहेब, सगळ्या तालुक्यात पंच म्हणून हाच गावला का?"

"मॅडम, रात्रीचे अकरा वाजलेले. तलाठी फोन उचलेना, ग्रामसेवक मुक्कामी नाही. नाल्यात उतरायला कोण तयार होतं? हा एकटा आला."

दोघांचंही खरं होतं, हीच गोची आहे.

मॅडमचा पुढचा प्रश्न जास्त टोचणारा होता. कोयता जप्त झाल्यावर लाखेचं सील लावून मुद्देमाल खोलीत गेला. फॉरेन्सिक लॅबला रवाना झाला एकवीस दिवसांनी. मधले एकवीस दिवस पाकीट कुठं होतं, कुणाच्या ताब्यात होतं? मुद्देमाल रजिस्टरला जमा केल्याची नोंद आहे, बाहेर काढल्याचा रकाना कोरा. लॅबचा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, म्हणतो, रक्त माणसाचं आहे. आरोपीचा वकील एवढंच विचारणार: "सील तेच होतं कशावरून?" साहेबांनी कारकुनाकडं बघितलं, कारकुनानं छताकडं.

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याकडं लोकांचा पक्का समज आहे की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील. चूक! एकेकाळी मात्र ते बरंचसं खरं होतं. १९७३चा फौजदारी प्रक्रिया कायदा आला, तरी महाराष्ट्र सरकारनं जुन्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच सहायक सरकारी वकील नेमलं आणि ठेवलं पोलीस खात्याच्याच हाताखाली. म्हणजे ज्याच्या तपासातल्या चुका काढायच्या, शिस्तीची छडी त्याच्याच खात्याकडं. १९९५ला एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, या लोकांना पोलीस खात्यापासून वेगळं काढा, स्वतंत्र केडर करा.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ला, हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात कोर्टानं आणखी स्पष्ट सांगितलं होतं. टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्यात तपासाला मुदतवाढ हवी असेल तर सरकारी वकिलाचा अहवाल लागायचा. कोर्टाचं म्हणणं, वकिलानं स्वतःची अक्कल वापरायची. तो काही पोलिसांचं पोस्ट ऑफिस नाही. हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. संघटित गुन्हेगारीसाठीच्या मकोका कायद्यात आजही तेच आहे. दोषारोपपत्राची मुदत ९० दिवसांवरून १८० करायची तर सरकारी वकिलाचा अहवाल हवाच. नुसतं पोलिसांचं पत्र पुढं ढकललं, तर आरोपी डिफॉल्ट बेलवर, म्हणजे मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनावर, बाहेर यायचा धोका.

म्हणजे वकील मोकळा झाला. आणि पोलीस? तेही मोकळेच. २०००चा आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू हा निकाल बघा. तमिळनाडूतलं प्रकरण. हायकोर्टानं सांगितलं होतं, सरकारी वकिलाचं मत घ्या आणि दोषारोपपत्र दुरुस्त करून द्या. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. कुणावर दोषारोप ठेवायचा हे मत तपास अधिकाऱ्याचं स्वतःचं असायला हवं, वकिलाच्या मतावर चालायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

पुढं जानेवारी २०१४ला गुजरात विरुद्ध किशनभाई. खून आणि बलात्काराचा खटला, तपासात भोकंच भोकं, आरोपी सुटला. तेव्हा कोर्ट म्हणालं, तपास संपला की अभियोग यंत्रणेनं स्वतंत्रपणे कागद बघावेत, उणिवा भरून घ्याव्यात, गरज पडली तर पुढचा तपास करायला लावावा. आरोपी सुटला की चूक कुणाची तेही शोधावं.

माझ्या मते घोळ इथंच आहे. दोघांच्या मध्ये भिंत घातली, ते बरंच केलं. पण भिंतीला दार कुठं आणि ते उघडायचं कधी, हे तालुक्याच्या पातळीवर कुणी धड ठरवलंच नाही. जन्मठेपेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राची मुदत ९० दिवस. तपास अधिकारी गठ्ठा घेऊन वकिलाच्या टेबलाशी येतो ८८व्या दिवशी. "मॅडम, जरा नजर टाका." काय नजर टाकणार? तोवर पंच फडात गेलेला असतो आणि रजिस्टरचा रकाना कोरा तो कोराच. खरं भांडण विसाव्या-पंचविसाव्या दिवशी व्हायला पाहिजे. होतं ते दोन वर्षांनी, साक्षीच्या दिवशी, साक्षीदारासमोर.

आणि आपण लोक तरी काय कमी आहोत? गावात खून पडला की प्रेत ताब्यात घ्यायचं नाही, रस्ता अडवायचा, फिर्यादीत बारा नावं घालायची. त्यात खरे मारेकरी चार, बाकी भावकी. जुना बांधाचा वाद, जुनी ग्रामपंचायत, सगळं एकाच फिर्यादीत वसूल. वकील सांगतात, यातल्या पाच जणांचं मोबाईल लोकेशन दुसऱ्या गावात आहे, यांना वगळा, नाहीतर हे पाच खोटे ठरतील आणि खऱ्यांनाही संशयाचा फायदा मिळेल. पुरावा नसेल तर सोडायची तरतूद कायद्यात आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८९ बघा. पण साहेब म्हणतात, "वगळलं की उद्या बॅनर लागतो, अधिकारी मॅनेज झाला म्हणून. तुम्ही येता का मोर्चासमोर?" याला वकिलाकडं उत्तर नसतं. माझ्याकडंही नाही.

वकिलांची बाजू मी घेतोय असं वाटत असेल, तर हेही ऐका. साक्षीच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा फाईल उघडणारे सरकारी वकील मी बघितलेत. साक्षीदार उलटला की "फितूर घोषित करावा" म्हणायचं, चार ठरलेले प्रश्न विचारायचे आणि खाली बसायचं. तिकडं बदली होऊन गेलेला अधिकारी रात्रभर एसटीनं येऊन बाकड्यावर बसलेला, आणि त्याच्याशी आधी पाच मिनिटं बोलायलाही कुणी तयार नाही.

वरच्या पातळीवरचं भांडण वेगळंच असतं. मालेगाव आपल्या मराठवाड्यात नाही, पण २९ सप्टेंबर २००८चा स्फोट तुम्हाला आठवत असेल. त्या खटल्याच्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ला जाहीरपणे सांगितलं, आरोपींबाबत मवाळ घ्या असा निरोप एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, अधिकाऱ्यानं मला दिला. एनआयएनं ते नाकारलं. ३१ जुलै २०२५ला विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. निकाल बरोबर की चूक, यात मी पडत नाही. सांगायचं एवढंच की वकील बोलल्या म्हणून आपल्याला कळलं. व्हरांड्यातली भांडणं व्हरांड्यातच विरतात.

मोर्चात आपली एक मागणी ठरलेली असते, "खटला फास्ट ट्रॅकवर चालवा आणि उज्ज्वल निकमांना द्या!" डिसेंबर २०२४ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हाही हीच मागणी झाली आणि नेमणूकही झाली. तो खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण एरवीचं सांगतो. वकील कितीही मोठा आणा, तो कागदावर आहे तेवढंच मांडणार. कोरा रकाना त्याला भरता येत नाही.

१ जुलै २०२४पासून नवे कायदे लागू झाले, त्यानं थोडा फरक पडेल. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं घटनास्थळी जायचं आहे. पंच फडात गेला तरी व्हिडिओ जागेवर राहतो. फक्त आता भांडण पेनड्राइव्हवरून: त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र कुठंय, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा आकडा, कुणी लिहिली?

आपल्या गुन्ह्यात तसलं चित्रण नव्हतं. गुन्हा जुना, पंच एकच. मॅडमनी शेवटी पैरवी हवालदाराला, म्हणजे पोलिसांचं कोर्टातलं काम बघणाऱ्याला, ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नंबर शोधायला लावला. त्यानं व्हरांड्यातूनच फोन लावला, स्पीकरवर.

"कोर्टाचं काम आहे, दोन दिवस सोड की त्याला."

"सोडतो की साहेब. पण तो आला तर बायको एकटी तोडणार का? एक कोयता, एक जोडी कमी झाली की गाडी भरत नाही. आन् त्यानं आगाऊ उचल घेतलीय, ती कोर्ट फेडणार का?"

हवालदारानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी एपीआय साहेबांकडं. मग आत जाऊन पुढची तारीख मागितली, गुढीपाडव्यानंतरची.