रॅकून नाणं का सोडेना

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय शिकण्याबद्दल, माणूस असो की जनावर, शिकतं कसं ते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हचा कुत्रा तुम्हाला माहितीच असेल, खाण्याआधी रोज ठरलेला आवाज, मग नुसत्या आवाजानेच लाळ. फ्रिजचं दार वाजलं की घरातलं मांजर हजर होतं, तेच ते. त्यात वेळ घालवत नाही. पुढे अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ आले, त्यांचं म्हणणं असं की जे केल्यावर खायला मिळतं ते प्राणी परत करतो. पुन्हा सांगतो, जे केल्यावर मिळतं, ते परत केलं जातं. याच जोरावर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कबुतरांना चोच मारून बॉम्बची दिशा धरायला शिकवलं, सैन्याने ते कधी वापरलं नाही हा भाग वेगळा. आणि कबुतरांचा विषय निघालाच आहे तर, बाल्कनीतून ज्वारी टाकून पुण्य कमावणाऱ्यांनी एकदा खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडक्याही पुसून बघाव्यात. असो.

तर आता ब्रेलँड जोडप्याची गोष्ट, जी मला कोणी विचारो न विचारो सांगायचीच असते. केलर आणि मॅरियन ब्रेलँड, दोघं स्किनरचे विद्यार्थी, युनिव्हर्सिटी सोडून त्यांनी प्राणी शिकवायचा धंदाच काढला. जत्रेतले खेळ, जाहिराती, सगळं. कोंबड्या, डुकरं, ससे, हजारो जनावरं शिकवली. एकदा त्यांनी रॅकून घेतला. आपल्याकडे हा प्राणी नाही, मांजरापेक्षा थोराड, डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा आणि पुढचे पंजे अगदी माणसाच्या हातासारखे चपळ. काम काय, तर नाणं उचलायचं आणि डब्यात टाकायचं, टाकलं की खाऊ. उचलायला लगेच शिकला. पण सोडेना! नाणं डब्यात घालायचा, आतल्या बाजूला घासायचा, बाहेर काढायचा, घट्ट धरून बसायचा, मग कसंबसं टाकायचा. बरं म्हटलं, आता दोन नाणी देऊ. झालं, दोन्ही एकमेकांवर घासत बसला, एखादा सावकार पैसे चोळत बसतो तसा, डब्यात बुडवतोय, काढतोय, परत घासतोय. मिनिटं गेली. भुकेला आहे, काम येतंय, खाऊ समोर आहे, तरी नाणं सोडत नाही. शेवटी तो प्रयोग सोडून दिला.

डुकराचंही तेच. लाकडी नाणी नेऊन गल्ल्यात टाकायची. सुरुवातीला धावत न्यायचं, मग काही आठवड्यांनी वाटेतच नाणं टाकून नाकाने उकरायला लागलं, उडवायला लागलं. ब्रेलँडना वाटलं भूक कमी पडतेय, म्हणून उपाशी ठेवलं तर उकरणं आणखी वाढलं! सहा फुटांवर चार नाणी न्यायला एकाने 10 मिनिटं घेतली.

आता कारण बघा. रॅकून रानात कवचवाले जीव पकडून हातात घासतो, डुक्कर माती उकरून खातं. नाणं म्हणजे खाणं हे डोक्यात बसलं की त्याच्याशी खाण्यासारखंच वागणं सुरू होतं, मग बक्षीस हातचं गेलं तरी चालेल. म्हणजे बक्षीस शिकवतं, पण जात्याच अंगात आहे ते वर येतं. लक्षात ठेवा, जात्याच अंगात आहे ते वर येतं. हे त्यांनी 1961 साली लेख लिहून जाहीर केलं, स्वतःच्या गुरूच्या विरोधात जाऊन, आणि मला विचाराल तर फसलेले प्रयोग असे छापणारी माणसं आजच्या मोटिव्हेशनल स्पीकरांपेक्षा शंभर पटींनी ऐकण्यासारखी.

आणि धंदेवाईकही पक्की. एका खेळात कोंबडीने चौथऱ्यावर नुसतं गप्प उभं राहायचं होतं, निम्म्याहून जास्त कोंबड्या उभ्या राहीनात, पायाने खरडत बसायच्या. तर यांनी खेळच बदलला. शेजारी गाण्याचं मशीन लावलं आणि पाटी लावली, नाचणारी कोंबडी. लोक टाळ्या वाजवत होते, कोंबडी आपली दाणे शोधत होती.