कामं नको, विसावा वाटून घ्या

नमस्कार. विषय दिलाय, 'एक कमावणारा, एक घरी : कामाची वाटणी कशी करावी?' बरीच मंडळी जोडीनं आलीत, ते फार बरं झालं. नुसत्या बायकांपुढे हे बोलून उपयोग नाही, त्यांना ते तोंडपाठ आहे.

मुद्द्यावर येण्याआधी एक गोष्ट सांगते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, वहिनींनाही स्टेजवर बोलावून साडी दिली. दुसऱ्या दिवसापासून काय झालं? इतकी वर्षं सकाळी डबा गेला की वहिनी दुपारी सकाळचंच काहीतरी खाऊन घटकाभर पडायच्या. आता दुपारी ताट वाढायचं, पोळी तव्यावरचीच हवी, चारला चहा, संध्याकाळी मित्र आले की पुन्हा चहा. म्हणजे त्यांची नोकरी संपली आणि वहिनींचं काम वाढलं! ती घटकाभराची झोपही गेली. बरं, माणूस वाईट नाही हो. व्यसन नाही, आवाज चढवत नाहीत. 'आयुष्यभर राबलो, आता आराम करतो' म्हणतात, आणि ते खरंच राबलेत. पण मग वहिनींनी आराम कधी करायचा?

तव्यावरच्या पोळीवरून आठवलं. घरात पोळ्या लाटणारीला तव्यावरची पोळी कुणी कुणी वाढलीय? हात वर करा. ...तिघं. त्या तिघांचं मनापासून कौतुक.

आता माझा राग सांगते. २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीला, 'काम न करणाऱ्यां'मध्ये बसवलं होतं. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सुनावलं. २०२१मध्ये अपघाताच्या भरपाईचा एक खटला न्यायालयापुढे होता. त्यात मेलेल्या गृहिणीचं उत्पन्न किती धरायचं हा प्रश्न आला, तेव्हा न्यायाधीशांनी २०१९च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे पुढे ठेवले. घरकाम करणारी बाई दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवते. पुरुषांपैकी जे करतात, ते ९७. आणि करणारे पुरुष शंभरात सव्वीसच. न्यायालयानं तिच्या कामाला किंमत आहे असं ठामपणे सांगितलं, पण ते सांगायला बाई अपघातात जावी लागली. जिवंतपणी तिचा हिशेब कोण करतं?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. मग मुख्य मुद्दा भरभर सांगते.

पगारावरून वाटणी करू नका आणि कामं मोजूनही करू नका. भांडी तुझी, कपडे माझे, यात रोज वाद होतात. दोघांचा विसावा मोजा. कमावणाऱ्याच्या कामात ऑफिस धरा, लोकलमधला उभा प्रवासही धरा. तो मोठा शीण आहे. घरच्याच्या कामात स्वयंपाक, आजाऱ्याचं करणं, गॅस संपत आलाय आणि पोराची लस राहिलीय हे डोक्यात ठेवणं, सगळं धरा. रात्री झोपेपर्यंत दोघांना निवांत वेळ सारखा मिळाला का, एवढंच पाहा. नसेल, तर ज्याला जास्त मिळतो त्यानं काम उचलायचं. रविवार दोघांचा. बायको कमावती आणि नवरा घरी असेल, तरी हाच नियम. तिनं बाहेरून येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं नाही.

उचललेलं काम पुरतं उचलायचं. भाजी आणायची तर काय संपलंय तेही आपणच बघायचं, फोन करून विचारायचं नाही.

आणि पैसा. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या, कारण तिच्या राबण्याचं देणं त्यांनी मान्य केलं. आपला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? तिचं नाव नसेल, तर सोसायटीत आणि निबंधक कार्यालयात काय कागद लागतात ते या आठवड्यातच विचारून घ्या.

वेळ संपली. ज्यांना विचारायचंय त्यांनी विचारा, मी थांबलेय.