ओटीच्या खणांतून संक्रांतीचं वाण: अस्तराचा बटवा घरी शिवूया

नमस्कार मंडळी! कपाटाचा खालचा कप्पा एकदा उघडून बघा. ओटीत आलेले खण आणि ब्लाउजपीस तिथे घडी मोडायच्या आधीच जुने झालेले असतील. एकाचं ब्लाउज होत नाही, कारण कापड पुरत नाही. दुसऱ्याला जुळणारी साडी नाही. मग तोच खण पुढच्या कुणाच्या तरी ओटीत जातो, तिथून आणखी पुढे. (खण हातात धरून) हा बघा, काळ्या अंगावर लाल काठ. इतकं देखणं कापड, आणि ते कुणाच्याच वापरात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून यंदा वाणासाठी प्लॅस्टिकचे डबे आणायचे नाहीत. याच खणांचे नाडीचे बटवे शिवायचे.

वेळ पुरेसा आहे. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. रथसप्तमी तिथीने ठरते, त्यामुळे एखाद्या वर्षी दहा-बारा दिवसच मिळतात, एखाद्या वर्षी महिनाभर. कॅलेंडर बघा आणि हळदीकुंकवाचा दिवस ठरवूनच कापायला बसा.

आता माप. कात्री हातात घेण्याआधी कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोजायचा. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला हातमागावर जो पारंपरिक खण विणतात, तो चोळीसाठीच असल्यामुळे पन्ह्याला अरुंद असतो, साधारण ३० ते ३२ इंच. यंत्रमागावरचा रुंद पन्ह्याचाही मिळतो. मी ३० इंच धरून सांगते. एका तुकड्याची रुंदी साडेसात इंच, उंची १० इंच. पन्ह्यात चार तुकडे बसतात, लांबीत तीन. म्हणजे ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमधून बारा तुकडे, आणि एका बटव्याला दोन या हिशोबाने सहा बटवे. अस्तराचे तेवढेच, त्याच मापाचे. तळाला दुमडून एकाच लांब तुकड्याचा बटवा करू नका. त्यात मागच्या बाजूच्या बुट्ट्या उलट्या होतात.

(कॅमेरा जवळ) इथे थोडं थांबूया, कारण बटव्याचं रूप इथे ठरतं. कडेच्या तुकड्यांना एका अंगाला काठ येतो. डाव्या कडेचे तीन, उजव्या कडेचे तीन. डावा एक आणि उजवा एक अशी जोडी लावा. सुलट बाजू आत घेऊन ते एकमेकांवर ठेवले, की दोन्ही काठ एकाच शिवणीवर येतात. हे बघा, काठ पुढून मागे वळून गेला. मधल्या सहा तुकड्यांचे तीन बटवे नुसत्या बुट्ट्यांचे होतात. ते सासूबाईंच्या वयाच्या बायकांना जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

अस्तराला कापड सुती घ्या. वापरून मऊ झालेल्या साडीचा धडका भाग सगळ्यात उत्तम, नाहीतर पॉपलीन. नवं पॉपलीन असेल तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि बटवा आतून आखडतो. खणाचा रंगही तपासा. पांढरा रुमाल ओला करून उलट बाजूला कोपऱ्यात घासा. काळा किंवा मरून रंग रुमालावर उतरला, तर अस्तर गडद रंगाचंच घ्या. आणि बकरम, म्हणजे आत घालायचं कडक कापड, अजिबात घालू नका. त्याने बटवा उभा राहतो खरा, पण नाडी ओढली की तोंडाला चुण्या पडत नाहीत.

शिवायला लागू. मशीनला १४ नंबरची सुई. मार्जिन, म्हणजे कडेपासून टिपेपर्यंतची जागा, सगळीकडे अर्धा इंच.

आधी खणाचा एक तुकडा आणि अस्तराचा एक, सुलट बाजू समोरासमोर, वरच्या कडेला टीप मारायची. बाराही जोड्या एकापाठोपाठ एक मशीनखालून काढा, मध्ये दोरा तोडायचा नाही. तोरणासारखी लांब माळ तयार होते, ती शेवटी कापून सुटी करा. दोराही वाचतो आणि हातही बसतो. मग जोड उलगडून इस्त्री फिरवा.

आता अशा दोन लांब पट्ट्या एकमेकींवर ठेवा, खणावर खण, अस्तरावर अस्तर. टाचण्या लावा. चारी बाजूंनी टीप मारायची आहे, पण तीन जागा मोकळ्या ठेवून. अस्तराच्या तळाला तीन इंच, बटवा उलटवण्यासाठी. आणि खणाच्या दोन्ही अंगांना, वरच्या जोडापासून दीड इंच खाली, अर्धा-अर्धा इंच. ती नाडीची तोंडं. (बोट ठेवून दाखवते) इथे टीप सुरू करताना आणि संपवताना मागे-पुढे दोन-तीन टाके घ्याच. नाडी रोज ओढली जाणार, सगळा ताण याच जागेवर येतो. घरगुती बटवे इथेच उसवतात.

तळाचे कोपरे थोडे छाटा, तळाच्या फटीतून बटवा बाहेर काढा, फट हाताने शिवून टाका आणि अस्तर आत ढकला. मग इस्त्री. खणाचे धागे फार सुटतात, पण आता एकही कड उघडी नाही. सगळं शिवणकाम दोन कापडांच्या मध्ये गेलं. अस्तराचा खरा फायदा हा. शिवाय बऱ्याच खणांत उलट बाजूला बुट्ट्यांचे सुटे धागे असतात, त्यात अंगठीचं टोक अडकतं, तेही झाकले जातात.

उरला नेफा, म्हणजे नाडी ओवायची पोकळ पट्टी. तोंडाच्या कडेपासून दीड इंचावर एक टीप गोल, दोन इंचांवर दुसरी. नाडी प्रत्येक बटव्याला दोन, २२-२२ इंचांच्या. सहा बटव्यांना सात मीटर डोरी आणली की झालं. सेफ्टी पिनला अडकवून पहिली नाडी उजवीकडून ओवायची आणि पूर्ण फेरी मारून उजवीकडेच बाहेर काढायची. दुसरी डावीकडून घालून डावीकडेच. दोन्हीकडे गाठ, हवा तर गोंडा. (दोन्ही नाड्या ओढून) बघा, एका ओढीत तोंड मिटलं.

मशीन नसेल तरी अडत नाही. उलट्या टिपेने, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेत, हातावर शिवा. धावदोरा मात्र नको, तो या ताणाला टिकत नाही. बटवा जरा सावकाश होईल, एवढंच.

तयार बटवा साडेसहा इंच रुंद, नऊ इंच उंच. मोबाइल, किल्ल्या, थोडे पैसे आरामात मावतात. तिळाचे लाडू घालून देणार असाल तर आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, तुपाचा डाग खणावरून सहज जात नाही. आणि एक मनातलं सांगते. मी हळदीकुंकवाला शेजारच्या सगळ्या बायकांना बोलावते, नवरा हयात नाही म्हणून कुणाला वगळत नाही. बटवा सगळ्यांच्याच हातात शोभतो.

तुमच्याकडच्या खणाचा पन्हा आणि लांबी खाली लिहून कळवा. त्यात किती बटवे बसतील आणि तुकडे कसे आखायचे, ते मी प्रत्येकीला सांगेन.